एमडी : जप्तीचे आकडे आणि शरीराचा हिशेब

‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोनचे साठे आणि कारखाने सापडण्याच्या बातम्या महाराष्ट्राला आता नव्या राहिलेल्या नाहीत. प्रत्येक बातमीच्या मथळ्यात कोटींचा आकडा असतो. हा पदार्थ मेंदूत, हृदयात आणि मूत्रपिंडात काय करतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाने नालासोपाऱ्यातून सुमारे ७०० किलो मेफेड्रोन पकडले. किंमत सांगितली गेली सुमारे १४०० कोटी रुपये. त्याच महिन्यात गुजरातमधील अंकलेश्वरच्या कारखान्यातून ५१३ किलो हाती लागले, किंमत १०२६ कोटी. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना उघडकीस आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी पुणे शहर, दौंड तालुक्यातील कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि दिल्ली येथून मिळून १७०० किलोंहून अधिक माल जप्त केला; ती रक्कम साडेतीन हजार कोटींच्या घरात गेली. पुढच्याच महिन्यात सांगली जिल्ह्यातील इरळी गावातून सुमारे १२२ किलो, किंमत २४५ कोटी. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळ ९०७ किलो, किंमत १८१४ कोटी.

हे आकडे शेजारी मांडून साधा भागाकार केला, तर एक गंमत लक्षात येते. ठिकाण कोणतेही असो, यंत्रणा कोणतीही असो आणि वर्ष कोणतेही असो, उत्तर जवळपास एकच येते : किलोला दोन कोटी रुपये, म्हणजे ग्रॅमला २० हजार. याचा अर्थ मथळ्यातले कोटी हे वजनाला एका ठरलेल्या दराने गुणून काढलेले असतात. माल किती शुद्ध होता, त्यात काय मिसळले होते, रस्त्यावर तो कोणत्या भावाने विकला जात होता, हे त्या रकमेवरून कळत नाही. तो किती जणांच्या शरीरात गेला असता आणि आधीच किती जणांच्या शरीरात गेला आहे, हे तर मुळीच कळत नाही.

पोलिसांसाठी वजन महत्त्वाचे आहे, कारण शिक्षा वजनावर ठरते. समाजाला मात्र दुसरा हिशेब हवा आहे. एखाद्या घरातला विशीतला मुलगा दोन रात्री झोपत नाही, तिसऱ्या दिवशी दाराला कडी लावून बसतो आणि ‘बाहेर कोणीतरी उभे आहे’ असे म्हणू लागतो, तेव्हा त्या घराला कोटींचे आकडे उपयोगी पडत नाहीत. काय घडते आहे आणि काय करायचे, हे तिथे कळायला हवे असते.

झुडपाच्या पानापासून पांढऱ्या पुडीपर्यंत

येमेन, इथिओपिया, सोमालिया या भागात ‘खात’ नावाच्या झुडपाची ताजी पाने चघळण्याची जुनी प्रथा आहे. आपल्याकडे पानाची तबकडी फिरते तशी तिथे दुपारच्या बैठकीत ही पाने फिरतात. त्यांत कॅथिनोन नावाचे उत्तेजक द्रव्य असते. रचनेच्या दृष्टीने ते ॲम्फेटामिनचा जवळचा नातलग आहे. पाने चघळताना ते हळूहळू शरीरात उतरते, त्यामुळे परिणामही बेताचा राहतो. प्रयोगशाळेत याच कॅथिनोनच्या रेणूत फेरफार करून जे अनेक पदार्थ तयार झाले, त्यांपैकी एक मेफेड्रोन. पानातली मंद तरतरी इथे शुद्ध भुकटीच्या रूपात एकदम नाकात किंवा पोटात जाते.

मेफेड्रोन प्रथम तयार झाले १९२९ मध्ये. त्याचा औषध म्हणून काही उपयोग झाला नाही आणि रसायनशास्त्राच्या जुन्या अंकांत ते सुमारे पाऊण शतक पडून राहिले. २००३ च्या सुमारास चोरट्या प्रयोगांची आवड असलेल्या एका रसायनतज्ज्ञाने ते पुन्हा उजेडात आणले. बहुतेक देशांच्या बंदीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. ब्रिटनमध्ये ते ‘झाडांचे खत’ म्हणून, ‘मानवी सेवनासाठी नाही’ असे पाकिटावर छापून, उघडपणे विकले गेले. ‘एम-कॅट’ या संक्षेपावरून मांजरीचा ‘म्याव म्याव’ जन्मला आणि तेच नाव पुढे मुंबईतही आले.

ते नेमके त्याच काळात का पसरले, यामागे एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. २००८ मध्ये कंबोडियात ३३ टन सॅफ्रोल तेल नष्ट करण्यात आले. एक्स्टसी म्हणजे एमडीएमए बनवण्यासाठी ते लागते. त्यानंतर युरोपच्या बाजारात एक्स्टसीच्या गोळ्यांतला खरा अंश घटला आणि ती पोकळी मेफेड्रोनने भरली. २०१०-११ च्या ब्रिटिश सर्वेक्षणात १६ ते २४ वयोगटातील ४.४ टक्के तरुणांनी गेल्या वर्षभरात मेफेड्रोन घेतल्याचे सांगितले होते. कोकेनचे प्रमाणही साधारण तेवढेच होते. एका पदार्थाची नाकेबंदी झाली की मागणी संपत नाही, ती शेजारच्या रेणूकडे वळते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली. भारतात मेफेड्रोनचा समावेश अमली पदार्थविरोधी कायद्याच्या म्हणजे एनडीपीएसच्या यादीत फेब्रुवारी २०१५ मध्ये झाला. तोवर मुंबई-पुण्यात ते पोहोचले होते आणि पोलिसांच्या हाती कायद्याचे साधन नव्हते. बंदीनंतर विक्री लपून होऊ लागली आणि निर्मिती औद्योगिक वसाहतींतल्या बंद पडलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये सरकली. महाराष्ट्र आणि गुजरात ही देशातली रसायन आणि औषध उद्योगाची मोठी केंद्रे आहेत. कच्चा माल, भांडी, रिॲक्टर, कुशल कामगार आणि मालवाहतूक हे सारे इथे कायदेशीर कामासाठी उपलब्ध असतेच. अफूप्रमाणे शेती लागत नाही, हेरॉइनप्रमाणे सीमा ओलांडावी लागत नाही. एमडीचा प्रश्न महाराष्ट्रात इतका घट्ट बसण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पंप उलटा फिरतो

मेंदूतल्या दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यात अतिशय सूक्ष्म फट असते आणि निरोप त्या फटीतून रसायनांच्या रूपाने जातो. डोपामिन, सिरोटोनिन आणि नॉरॲड्रिनालिन ही त्यांपैकी तीन महत्त्वाची रसायने. डोपामिन ‘हे पुन्हा कर’ अशी खूण मेंदूत उमटवते. सिरोटोनिनचा संबंध मनःस्थिती, झोप, भूक आणि शरीराचे तापमान यांच्याशी आहे. नॉरॲड्रिनालिन शरीराला सावध करते, नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आकुंचित करते. निरोप पोचला की हे रसायन फटीत रेंगाळू नये, म्हणून पेशीच्या भिंतीवर त्याला परत आत ओढून घेणारे छोटे ‘पंप’ असतात.

कोकेन या पंपांत बोळा कोंबते. रसायन परत जाऊ शकत नाही, म्हणून फटीत साचते. मेफेड्रोन याहून पुढे जाते. ते स्वतःच पंपातून आत शिरते आणि पंपाची दिशा उलटवते. सोसायटीच्या गच्चीवर पाणी चढवणारा पंप अचानक टाकीतलेच पाणी अंगणात ओतू लागला तर जे होईल, तेच इथे होते. पेशीने साठवून ठेवलेले रसायन एकदम बाहेर सांडते. उंदरांवरील प्रयोगांत मेफेड्रोन दिल्यावर मेंदूत डोपामिन आणि सिरोटोनिन हे दोन्ही झपाट्याने वाढल्याचे मोजले गेले आहे. ॲम्फेटामिनची ऊर्जा आणि एक्स्टसीची जवळीक एकाच पुडीत मिळाल्याचे जे वर्णन वापरणारे करतात, त्याचे मूळ यात आहे.

पण टाकी रिकामी झाली, की पुढे काय? सांडलेले रसायन पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. ‘चढलेली’ रात्र संपल्यावर येणारी मरगळ, चिडचिड, रडू, निरर्थकतेची भावना ही या रिकाम्या टाकीची भाषा असते. नवखा माणूस ती एक-दोन दिवस सोसतो. सवय लागलेला माणूस ती टाळण्यासाठी पुन्हा पुडीकडे जातो. इथून पुढे मजेचा भाग घटत जातो आणि बरे वाटण्यासाठीची धडपड वाढत जाते.

दोन तासांचा पदार्थ

‘एमडी’ आणि ‘एमडीएमए’ या नावांतल्या साधर्म्यामुळे दोन्ही एकच आहेत, असा समज तरुणांत आणि कधीकधी बातम्यांतही दिसतो. हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि त्यांतला एक फरक जीवघेणा ठरू शकतो. स्पेनमध्ये १२ निरोगी स्वयंसेवकांना वैद्यकीय देखरेखीखाली दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या दिवशी देऊन केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेफेड्रोनचा परिणाम लवकर शिखरावर गेला आणि लवकर ओसरला. रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर आले. एमडीएमएला त्यासाठी साधारण आठ तास लागतात. नाडी आणि रक्तदाब मात्र दोन्हींनी वाढवले.

लवकर चढणे आणि लवकर उतरणे हा व्यसनाला सर्वांत पोषक गुणधर्म आहे. तंबाखूच्या बाबतीत हेच घडते. चुना-तंबाखूची चिमूट किंवा सिगारेट काही मिनिटांत काम करते आणि थोड्या वेळाने हात पुन्हा खिशाकडे जातो. मेफेड्रोन नाकाने ओढले तर परिणाम काही मिनिटांतच येतो आणि तासाभरात ओसरू लागतो. मग दुसरी रेघ, तिसरी रेघ, आणि बघता बघता रात्र उलटते. इथे एक सापळा आहे. मनावरचा अंमल उतरला तरी आधीच्या मात्रेचा हृदयावरचा ताण पूर्ण उतरलेला नसतो. प्रत्येक नवी मात्रा त्या शिल्लक ताणावर चढते. म्हणून ‘थोडेथोडेच घेतले’ असे सांगणाऱ्या माणसाच्या शरीरात सकाळपर्यंत मोठा डोस गेलेला असू शकतो. प्रयोगशाळेतले उंदीरही हा पदार्थ मिळवण्यासाठी कळ पुन्हापुन्हा दाबतात, असे दिसले आहे. तिथे पार्टी नसते, मित्रांचा आग्रह नसतो. रेणूचे काम तेवढे असते.

प्रत्येकाचे शरीर हा पदार्थ सारख्या गतीने निचरा करत नाही, ही आणखी एक अडचण. तो मोडणारे यकृतातले मुख्य विकर काही जणांत जन्मतःच मंद असते. नैराश्यावर दिली जाणारी फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांसारखी काही औषधे तेच विकर अडवतात आणि शिवाय सिरोटोनिन वाढवतात. म्हणजे मनोविकारावर उपचार घेणारा तरुण आणि त्याचा मित्र यांनी एकाच पुडीतून सारखा वाटा घेतला, तरी एकाला तो दुप्पट जड जाऊ शकतो. दोघांपैकी कोणालाच हे आधी ठाऊक नसते.

मेंदूच्या पलीकडे

उत्तेजक पदार्थांनी येणारे मृत्यू प्रामुख्याने हृदय, तापमान आणि मीठ-पाण्याचे संतुलन यांतून येतात. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला अधिक काम करावे लागते आणि त्याला मिळणारे रक्त मात्र घटते. छातीत दुखणे, धडधड, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणे हे विशीतल्या माणसातही घडू शकते. बोटे थंड आणि निळसर पडणे हे त्याच आवळण्याचे बाहेरून दिसणारे चिन्ह आहे.

दुसरा धोका उष्णतेचा. सिरोटोनिनचा पूर आला की शरीराची तापमान सांभाळणारी यंत्रणा बिघडते. त्यात गर्दी, सलग नाच आणि कोंदट हवा यांची भर पडते. मुंबई किंवा गोव्याच्या दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्याची नैसर्गिक वाटही अडते. तापमान ४० अंशांच्या वर गेले की स्नायू विरघळू लागतात. त्यांतली प्रथिने रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकतात, लघवी गडद चहासारखी होते आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. अंग ताठरणे, हातपाय थरथरणे, प्रचंड घाम, गोंधळलेली अवस्था ही सिरोटोनिनच्या विषबाधेची लक्षणे आहेत. झोप काढली की बरे वाटेल, असे समजून तो वेळ वाया घालवू नये.

तिसरा धोका पाण्याचा. उष्णतेची भीती ऐकून काही जण भराभर पाणी पितात. या गटातले पदार्थ शरीरातून पाणी बाहेर टाकण्याची क्रिया मंदावू शकतात. मग रक्तातले सोडियम पातळ होते आणि मेंदूला सूज येते. २००८ मध्ये स्वीडनमध्ये मेफेड्रोनशी जोडल्या गेलेल्या सुरुवातीच्या मृत्यूंपैकी एकात, १८ वर्षांच्या तरुणीच्या बाबतीत, हेच आढळले होते.

दारूबरोबर घेतल्यास चित्र अधिक फसवे होते. उत्तेजकामुळे दारूची गुंगी जाणवत नाही, म्हणून माणूस जास्त पितो आणि आपण शुद्धीवर आहोत असे समजून गाडीची किल्ली हातात घेतो. दोन तासांनी एमडी ओसरते. दारू मात्र रक्तात असतेच.

नाकातून रक्त येणे, नाकाच्या पडद्याला जखमा, दात करकरा चावणे, जबडा दुखणे, भूक मरून झपाट्याने वजन उतरणे हे रोजच्या वापराचे परिणाम. वजन उतरते म्हणून काही जण हा पदार्थ सुरू करतात, हे त्यातले विशेष दुर्दैव. जेव्हा सुईने घेण्याची प्रथा पडते, तेव्हा संकटाचे रूपच बदलते. रुमानियाच्या राजधानीत २०११ च्या सुमारास सुई वापरणाऱ्यांत एचआयव्हीची लागण अचानक वाढली. तिथे हेरॉइनची जागा कॅथिनोन गटातल्या पदार्थांनी घेतली होती. परिणाम थोडा वेळ टिकत असल्याने दिवसातून कितीतरी वेळा सुई टोचली जात होती आणि सुया वाटून घेतल्या जात होत्या.

मेफेड्रोनने चेतापेशी कायमच्या मरतात का, या प्रश्नावर प्राण्यांवरील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. सलग वापरानंतर येणारा संशयविकार, भास, आणि आपल्यावर पाळत ठेवली जात असल्याची खात्री मात्र मनोविकारतज्ज्ञांच्या परिचयाची आहे. पदार्थ थांबल्यावर बहुतेकांत ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरते. काहींत मात्र ती रेंगाळते किंवा आधीच दबून असलेला मानसिक आजार वर येतो. निर्णय आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षी झालेली सुरुवात अधिक महाग पडते.

‘गर्द’चा चष्मा

महाराष्ट्राच्या मनातले व्यसनी माणसाचे चित्र १९८० च्या दशकात तयार झाले. तेव्हा ब्राउन शुगर म्हणजे गर्द मुंबई-पुण्यात आली होती. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ने ते वास्तव घरोघर पोहोचवले आणि १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. गर्द हा अफूच्या कुळातला पदार्थ. तो घेणारा माणूस पेंगतो, सुस्तावतो; न मिळाल्यास नाक-डोळे वाहतात, अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात. कोणालाही दिसेल असा हा आजार.

एमडी त्याच्या उलट आहे. सुरुवातीला माणूस अधिक बोलका, उत्साही, कामसू दिसतो. तो रात्रभर जागून प्रोजेक्ट पूर्ण करतो, डबल शिफ्ट करतो, बारीक होतो आणि त्याचे कौतुकही होते. पदार्थ बंद केला तरी गर्दसारखी शारीरिक तडफड होत नाही. दोन दिवस गाढ झोप, प्रचंड भूक, मग उदासी. घरच्यांना वाटते अभ्यासाचा ताण असेल, प्रेमभंग असेल. पैशांची चणचण, घरातल्या वस्तू गायब होणे, रात्रीचा दिवस, अकारण संशय हे सारे जुळवून पाहीपर्यंत अनेक महिने उलटलेले असतात. पालक आणि शिक्षक अजून गर्दची लक्षणे शोधत आहेत आणि समोर आजार वेगळाच आहे.

चाचणीच्या जाळीतून निसटणारा

हाच घोळ रुग्णालयातही होतो. लघवीच्या पट्टीवर झटपट होणाऱ्या नेहमीच्या चाचण्या अफू, गांजा, कोकेन, ॲम्फेटामिन अशा ठरावीक गटांसाठी बनवलेल्या असतात. मेफेड्रोन त्यांत भरवशाने सापडत नाही. ते ओळखायला क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची सोय असलेली प्रयोगशाळा लागते आणि अशी सोय मोजक्या ठिकाणी आहे. म्हणून ‘टेस्ट निगेटिव्ह आली’ यावरून ‘काही घेतले नव्हते’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

उलट चूकही होते. मार्च २०१० मध्ये ब्रिटनमधील स्कंथॉर्प येथे दोन तरुण दगावले आणि ते मेफेड्रोनचे बळी म्हणून देशभर गाजले. बंदीची मागणी त्या बातम्यांनी टिपेला नेली. नंतर आलेल्या तपासणीत त्यांच्या शरीरात मेफेड्रोन सापडले नाही. त्यांनी मेथाडोन घेतलेले होते. मेफेड्रोन निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रयोगशाळेच्या आधी निष्कर्ष काढला की धोरण अंदाजावर उभे राहते, एवढाच त्याचा बोध.

भारतात तर मोजणीच तोकडी आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दारू, गांजा-भांग, अफूजन्य पदार्थ, कोकेन, ॲम्फेटामिन गट, झोपेच्या गोळ्या, हुंगण्याचे पदार्थ असे मुख्य गट होते. मेफेड्रोनचा स्वतंत्र रकाना नव्हता. त्याच सर्वेक्षणाने आणखी एक गोष्ट दाखवली : बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या साधारण २० जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो.

उतारा नाही, उपचार आहे

अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेवर नॅलोक्सोन हे उतारा म्हणून चालते. मेफेड्रोनवर असा उतारा नाही. तरीही तातडीच्या उपचारांनी जीव वाचतो. रुग्णाला शांत करणारी बेन्झोडायझेपिन गटातली औषधे, अंग झपाट्याने थंड करणे, शिरेतून द्रव, सोडियम आणि हृदयाच्या आलेखावर लक्ष, हे त्याचे सूत्र. छातीत दुखणे, झटके, अंग भाजणे, बेशुद्धी किंवा हिंसक गोंधळ दिसला तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. बरोबर असलेल्या मित्रांनी काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. चाचणी सांगू शकत नाही ते मित्रच सांगू शकतात. रुग्णाला पालथे दाबून धरू नये, कारण तापलेल्या शरीराची झटापट आणि अडलेला श्वास यांतून मृत्यू ओढवू शकतो.

व्यसनाच्या उपचारातही असाच फरक आहे. अफूच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन यांसारखी पर्यायी औषधे उपयोगी पडतात. उत्तेजकांच्या व्यसनावर असे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. जगभर सर्वांत परिणामकारक ठरलेली पद्धत साधी आहे : ठरावीक दिवशी तपासणी, पदार्थ आढळला नाही तर लगेच छोटे बक्षीस, आणि जोडीला विचार-वर्तनावरचे समुपदेशन. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतात ती प्रशिक्षित माणसे, नियमित तपासणी आणि सहा-आठ महिन्यांचा धीर. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उदासी आणि आत्महत्येचे विचार येऊ शकतात. त्या काळात रुग्णाला ‘आता सुटले, कामाला लाग’ म्हणून एकटे सोडणे घातक ठरते. कोंडून ठेवणे आणि मारझोड करणे यांना उपचार म्हणता येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत धरतो आणि उपचार हा हक्क मानतो.

कुटुंबे पुढे येत नाहीत, त्यामागे पोलिसांची भीती मोठी असते. एनडीपीएस कायद्यात मेफेड्रोनचे दोन ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प आणि ५० ग्रॅमहून अधिक ते व्यापारी धरले जाते. व्यापारी प्रमाणासाठी १० ते २० वर्षे सक्तमजुरी आहे. निव्वळ सेवनासाठी मेफेड्रोनच्या बाबतीत सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण याच कायद्याच्या ६४अ कलमानुसार, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतले जाऊ शकते. कायदा १९८५ चा. त्यातल्या शिक्षांची माहिती गल्लीतल्या मुलांनाही असते, या कलमाची मात्र सुशिक्षित पालकांनाही क्वचितच.

मोजायचे काय?

कारखान्यांवरचे छापे आवश्यकच आहेत. किलोंनी माल बाजारात जाण्याआधी अडतो, हे सार्वजनिक आरोग्याचेच काम आहे. पण २००८ च्या सॅफ्रोल तेलाने जे दाखवले, ते इथेही लागू पडते. रेणूत किंचित बदल केलेले मेफेड्रोनचे भाऊबंद युरोपच्या बाजारात आधीच आले आहेत आणि तिथल्या यंत्रणांच्या अहवालांत भारतातून गेलेल्या मालाचा उल्लेख आहे. उद्या पुडीचे नाव एमडीच राहील आणि आतला पदार्थ बदललेला असेल. ते ओळखायचे तर छाप्याबरोबर आणखी काही नोंदी लागतील.

युरोपात नव्या पदार्थांची पूर्वसूचना देणारी यंत्रणा १९९७ पासून काम करते. तिथली अनेक शहरे दरवर्षी सांडपाण्याचे नमुने तपासून कोणता पदार्थ वाढतो आहे, याचा अंदाज बांधतात. कोणाची ओळख उघड होत नाही, कोणावर गुन्हा दाखल होत नाही. सांडपाण्यातून साथीचा माग काढण्याची पद्धत कोविडच्या काळात आपल्याकडच्या शहरांनीही पाहिली आहे. जप्त मालाच्या पृथक्करणाचे निष्कर्ष न्यायालयाच्या फायलींबरोबर आरोग्य विभागापर्यंतही गेले, तर कोणत्या जिल्ह्यात कोणती भेसळ फिरते आहे, हे तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना आधी कळेल. विभागवार किमान एका सरकारी रुग्णालयात विषचिकित्सेची प्रगत प्रयोगशाळा असली, तर संशयास्पद मृत्यूंचे कारण अंदाजावर सोडावे लागणार नाही.

पुढच्या वेळी साठा सापडेल, तेव्हा वजनाला दोन कोटींनी गुणून मथळा तयार होईलच. त्याच बातमीत त्या जिल्ह्यात व्यसनमुक्तीच्या किती खाटा आहेत, किती समुपदेशक आहेत आणि गेल्या वर्षी किती जण उपचारांसाठी आले, हेही छापले गेले तर वाचकाला प्रश्नाचे खरे माप कळेल. तोवर ज्या घरात ही शंका मनात आहे, त्या घरासाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या टेलि-मानसचा १४४१६ हे दोन निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहेत.